साखळी कुठे घासते

कराडहून विट्याकडे निघालेल्या सायकलस्वाराला कडेगावच्या आसपास दोन तऱ्हेची जमीन एकाच दिवसात भेटते: सोनहिरा खोऱ्यातली उसाची सपाटी आणि सागरेश्वरच्या बाजूचे डोंगर. रोड सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ११ ते ३२ दात्यांची कॅसेट असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात ती सर्वांत जड गिअरमध्ये साडेनऊ मीटर पुढे जाते आणि सर्वांत हलक्या गिअरमध्ये जेमतेम सव्वादोन मीटर. या अंतराचा मोठा वाटा पुढच्या डिरेलरच्या हाती असतो. दोन पत्र्यांचा एक अरुंद पिंजरा साखळीला आतून ढकलून मोठ्या चकतीवर चढवतो, बाहेरून ढकलून लहान चकतीवर उतरवतो. यंत्र एवढेच, पण सायकलवर सर्वांत जास्त शिव्या तेच खाते, कारण साखळी त्याच्या पत्र्याला लागून खरखरू लागली की मैलोन् मैल ती खरखर कानात बसते. बहुतेक जण मग हाताला लागेल तो स्क्रू पिळतात. माझे म्हणणे असे की या दुरुस्तीत स्क्रूपेक्षा क्रमाला महत्त्व आहे. क्रम चुकला तर प्रत्येक स्क्रू खोटे उत्तर देतो.

हे यंत्र मुळातच अवघड जागी बसले आहे. मागचा डिरेलर साखळीच्या खालच्या, सैल बाजूवर काम करतो. पुढच्याला काम करावे लागते ते वरच्या बाजूवर, म्हणजे पायाच्या जोराने ताणलेल्या साखळीवर. ताणलेली दोरी बाजूला ढकलायची तर धसमुसळेपणा आलाच. त्यात मागे गिअर बदलेल तशी साखळीची तिरप बदलते, म्हणजे स्थिर पिंजऱ्यातून हलती साखळी न घासता जायला हवी. मागच्या चकत्यांची संख्या वाढत गेली तशी साखळी अरुंद झाली, पिंजराही आवळला आणि चुकीला जागा उरली नाही. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिथे घासलेच तर चेनकव्हर घासायचे आणि ते हाताने वाकवले की काम झाले.

आता क्रम. पहिली उंची: मोठ्या चकतीचे दाते आणि पिंजऱ्याच्या बाहेरच्या पत्र्याची खालची कड यांत एक ते तीन मिलिमीटरची फट, साधारण एका नाण्याची जाडी. मग कोन: वरून पाहिले तर बाहेरचा पत्रा चकतीला समांतर दिसला पाहिजे. (काही कंपन्यांच्या नव्या डिरेलरमध्ये हा कोन मुद्दाम किंचित वेगळा ठेवतात, तिथे पुस्तिका प्रमाण मानावी.) या दोन गोष्टी क्लॅम्पच्या, स्क्रूच्या नव्हेत, आणि घाईत नेमक्या याच वगळल्या जातात. कडेगावात मोहरमचे गगनचुंबी ताबूत खांद्यावर घेणाऱ्यांना वेगळे सांगायला नको: शेंड्याला हातभर झोक दिसतो तेव्हा तळाशी बोटभर चूक असते. पिंजरा तिरका बसला असेल, तर पुढचा भाग मोकळा आणि शेपूट घासते, आणि स्क्रू फिरवून शेपूट सोडवली की पुढचा भाग घासू लागतो.

त्यानंतर केबल पूर्ण सैल करून, साखळी पुढे लहान आणि मागे सर्वांत मोठ्या चकतीवर ठेवून आतल्या मर्यादेचा स्क्रू लावायचा. आतला पत्रा आणि साखळी यांत अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी फट राहावी. केबल आधी सैल करण्यामागे साधे कारण आहे. ताणलेल्या केबलने पिंजरा धरून ठेवलेला असेल, तर तो त्या स्क्रूवर टेकलेलाच नसतो. मग स्क्रू कितीही सोडा, पिंजरा हलत नाही आणि माणूस स्क्रू खराब झाला असे समजतो. उलट बाजूलाही तेच. केबलचा ताण कमी पडला तर बाहेरच्या मर्यादेचा स्क्रू निरर्थक ठरतो, कारण पिंजरा तिथवर पोचतच नाही. म्हणून मधे केबल ओढून ताण द्यायचा, साखळी मोठ्या चकतीवर आणि मागे सर्वांत लहानवर घ्यायची आणि तेव्हाच बाहेरची फट तेवढीच राखायची. शेवटी ट्रिम. अनेक शिफ्टरना पूर्ण खटक्याच्या अलीकडे एक हलका खटका असतो. त्याने पिंजरा केसभर सरकतो आणि साखळीची तिरप सांभाळतो. ट्रिम ठाऊक नसलेला माणूस निर्दोष सायकलही बिघडवून ठेवतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, आवाज थांबेपर्यंत स्क्रू सोडावा. आवाज थांबतोही. पण आतली मर्यादा सैल राहिली तर पुढच्या चढाला मोठ्या चकतीवरून उतरलेली साखळी लहान चकतीवर न थांबता फ्रेम आणि क्रँकच्या मधे जाऊन अडकते. बाहेरची सैल राहिली तर ती क्रँकवर जाऊन पडते. मागून उसाची ट्रॉली येत असताना पाय असा अचानक मोकळा फिरणे जिवावर बेतू शकते. त्या खरखरीपेक्षा ही शांतता महाग. शिवाय काही आवाज स्क्रूचे नसतातच. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच टिक होत असेल तर चकती वाकली आहे किंवा तिचे बोल्ट ढिले आहेत. फक्त उभे राहून चढताना घासत असेल तर जोराने चकती किंवा फ्रेम लवते आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पुढे एकच चकती लावली की डिरेलरच नको. हिशेब मांडून पाहू. पुढे ४० आणि मागे १० ते ४२ अशा बारा गिअरांचा एकूण पल्ला ४.२ पट येतो. वर सांगितलेल्या दोन चकत्यांचा ४.२८ पट. पल्ला जवळपास सारखाच. फरक पायऱ्यांत आहे: एका चकतीवर सरासरी पायरी चौदा टक्क्यांची पडते, अकरा गिअरच्या कॅसेटवर दोन चकत्यांसह सव्वाअकराची. खडकाळ रस्त्यासाठी मी एक चकतीच निवडेन, तिथे साखळी न उतरणे मोलाचे. पण सपाटीवर वाऱ्याविरुद्ध तासभर एकाच लयीत पाय चालवायचे असतील तर ती बारीक पायरी जाणवते. राहिले इलेक्ट्रॉनिक गिअर. शिमानोने २००९ साली ड्युरा-एसमध्ये आणलेल्या डीआय-२ मध्ये पिंजरा स्वतःच ट्रिम होतो, हे खरे आणि उत्तम आहे. तरी उंची आणि कोन माणसालाच लावावे लागतात. मोटर तिरक्या पिंजऱ्याला सरळ करीत नाही.

हे काम शहरातल्या जाणकारालाच जमेल असेही म्हटले जाते. ते मला पटत नाही. शेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ती वसवली, पण त्यांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानाने झाली. सायकलीतून नांगर, नांगरातून पंप आणि इंजिने असा तो प्रवास. डिझेल इंजिनाचे टॅपेट सेट करणारा हात मिलिमीटरच्या अंशात विचार करतो. त्याला या फटी शिकायला एक दुपार पुरे. लागते काय, तर दोन ॲलन की, एक स्क्रूड्रायव्हर आणि मागचे चाक उचलून धरणारा स्टँड.

सगळे नीट जमल्यावरही पुढे लहान आणि मागे सर्वांत लहान अशा जोडीला साखळी थोडी घासू शकते. ती जोडी वापरायची नसते. घासू द्यावी. केबल नवी असेल तर सुरुवातीच्या काही फेऱ्यांत ती आणि तिचे आउटर बसतात, ताण उतरतो आणि मोठ्या चकतीवर चढताना साखळी अडखळू लागते. तेव्हा मर्यादेच्या स्क्रूंना हात न लावता केबलवरचा बॅरल ॲडजस्टर अर्धा फेरा फिरवावा, आणि गरज वाटली तर आणखी अर्धा.