पावतीशिवाय पैसा नाही

निवडणुकीसाठी निधी जमवायचा म्हटले की पहिली फेरी छापखान्याची. पन्नास पावत्यांचे एक पुस्तक, प्रत्येक पावतीला स्थळप्रत, दोन्हींवर सलग छापील क्रमांक आणि वर ठळक अक्षरांत ‘राजकीय निधी – ऐच्छिक’. कोकण विभाग शिक्षक मतदारसंघाची ३० जानेवारी २०२३ ची निवडणूक जवळ आली तेव्हा आमच्या संघटनेच्या तालुका शाखेचे कोषाध्यक्षपद माझ्याकडे होते. जिल्ह्याहून आलेली पुस्तके मी आधी पान न् पान उलटून पाहिली, क्रमांक कुठे तुटलेला नाही याची खात्री केली, आणि मग कोणाला कितव्या क्रमांकाचे पुस्तक दिले ते नोंदवहीत लिहून सही घेतली. पैसे मागायला उत्साही माणसे पुष्कळ मिळतात. मोहीम संपल्यावर अर्धे वापरलेले पुस्तक आणि खोडलेली पावतीसुद्धा ‘रद्द’ लिहून परत आणून देईल, असा माणूस मात्र शोधावा लागतो. पुस्तके वाटताना मी तेवढेच पाहिले.

‘ऐच्छिक’ हा शब्द तिथे शोभेसाठी नाही. आमची संघटना ट्रेड युनियन म्हणून नोंदलेली आहे, आणि तेव्हा लागू असलेल्या १९२६ च्या कायद्याचे कलम १६ याबाबत स्वच्छ बोलत होते. सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून निवडणुकीवर खर्च करता येत नाही. त्यासाठी वेगळा निधी उभारायचा, वेगळा ठेवायचा. त्यात पैसे द्यायची सक्ती कोणावर करायची नाही. ज्याने दिले नाहीत त्याला संघटनेचा एकही लाभ नाकारायचा नाही; त्या निधीच्या कारभारात तेवढे त्याला बोलता येणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या या कलमाबद्दल मला फार आदर वाटतो. बदलीत अन्याय झाला, पगार थांबला, तर निधी न देणाऱ्या शिक्षकासाठीही शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या आम्ही चढल्याच पाहिजेत, हे त्याने ठरवून टाकले होते.

शिक्षक मतदारसंघाची रचना बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेच्या सुमारे एक बारांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या. महाराष्ट्रात अशा सात आहेत. मतदार माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा-महाविद्यालयांतला, आणि मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकवलेला. प्राथमिकच्या शिक्षकाला इथे मत नाही. एकट्या कोकण विभागात पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे येतात. तलासरीपासून दोडामार्गापर्यंतचा हा पट्टा उमेदवाराने पिंजून काढायचा तर डिझेललाच किती लागते, ते प्रवास केलेल्यालाच कळेल. त्यात लोकसभा-विधानसभेला उमेदवाराच्या खर्चावर कायद्याची मर्यादा असते, विधान परिषदेला ती नाही. त्यामुळे पैशाला वाट मोकळी. शिक्षकांना पैठण्या, कापड, पाकिटे वाटल्याच्या बातम्या वेगवेगळ्या विभागांतून आता वारंवार येतात. वर्गात नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या हाती कोणी पाकीट ठेवावे, याची मला मनापासून चीड आहे. त्याला उत्तर एकच दिसते: पैसा शिक्षकाकडून उमेदवाराकडे जावा, आणि त्याची पावती असावी. उमेदवार ज्यांच्या पाचशे-पाचशे रुपयांवर उभा राहतो, त्यांना तो विकत घेऊ शकत नाही.

शाळेच्या आवारात पुस्तक उघडायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. आवार संस्थेचे, आणि कित्येक संस्थाचालकांचा कल दुसऱ्या उमेदवाराकडे. मग उरतात एस.टी. स्टँडसमोरची टपरी, कोणाच्या तरी घराची पडवी, तालुका विज्ञान प्रदर्शन आटोपल्यावरचा रस्ता. काळही अडचणीचा. डिसेंबरात शाळाशाळांतून ध्वजदिन निधीचे संकलन चालू असते, पाठोपाठ स्नेहसंमेलने, मग दहावीच्या सराव परीक्षा. बँकेत पगार जमा झाला की त्यानंतरचा आठवडा खरा हाताशी येतो. पतपेढीचा हप्ता आणि घरखर्च वजा झाल्यावर मागायला जाणे म्हणजे माणसाला अवघडवणे.

“किती द्यायचे, सर?” हा बहुतेकांचा पहिला प्रश्न. संघटनेने पाचशे रुपये सुचवले होते. रक्कम सांगायची, ती फक्त सुचवलेली आहे हेही सांगायचे, आणि मग गप्प बसायचे. हे गप्प बसणे नव्या कार्यकर्त्याला सर्वांत जड जाते. घाईने “नाही जमलं तर शंभर द्या” म्हटले की पाचशे देऊ शकणारा शंभरावर सुटतो आणि शंभरही नसलेला मान खाली घालतो. दुसरा प्रश्न, “मागच्या वेळच्या पैशांचं काय झालं?” त्यासाठी मागचा छापील हिशेब पिशवीत ठेवावा, तो दाखवला की पुढे फार बोलावे लागत नाही. तिसरा, “आयकरात सूट मिळेल का?” नाही. ती सवलत नोंदणीकृत राजकीय पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला दिलेल्या देणगीवर मिळते, आमच्या निधीवर नाही. हे आधीच सांगितलेले बरे. यूपीआयने देणाऱ्यांसाठी संघटनेच्या खात्याचा क्यूआर कोड होता. माझ्या स्वतःच्या नंबरवर एक रुपयाही घेतला नाही, आणि व्यवहार क्रमांक पावतीवर उतरवल्याशिवाय नुसता स्क्रीनशॉट मानला नाही.

सगळ्यात अवघड भाग नावाचा. एका शाळेतल्या मॅडम रविवारी भेटल्या, पाचशेची नोट पुढे केली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “पावती नको, सर. आमच्या अध्यक्षांना कळलं तर माझा वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव शाळेतच पडून राहील.” ही भीती खोटी नाही. बारा वर्षांच्या सेवेनंतरची ती श्रेणी हक्काची असली तरी कागद शाळेतूनच पुढे जातो, आणि कागद अडवायला कोणाला कारण लागत नाही. मतपत्रिका गुप्त असते, पावती नसते. पाचशे रुपये देणारा माणूस मत देणाऱ्यापेक्षा जास्त काही पणाला लावत असतो. तरीही मी ती नोट घेतली नाही. आज यांचे पाचशे बिननावाने घेतले तर उद्या कोणाचे पन्नास हजार बिननावाने येतील, आणि ते कोणाचे हे विचारायला मला तोंड राहणार नाही. त्यांना मी व्यवस्था समजावून सांगितली. स्थळप्रतींची पुस्तके कोषाध्यक्षाच्या कुलपात राहतात. सभासदांपुढे जाहीर होणाऱ्या हिशेबात नावे नसतात, पावती क्रमांक आणि रक्कम असते. ज्याने त्याने आपला क्रमांक पडताळून पाहायचा. नोट त्या दिवशी परत गेली. पुढच्या रविवारी मॅडम स्वतः आल्या, पूर्ण नाव लिहायला लावले, क्रमांक आपल्या डायरीत उतरवला आणि पावती माझ्याकडेच ठेवून गेल्या.

नाही म्हणायची आणखीही वेळ येते. एका घरी नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत, बायको हायस्कूलला. “दोघांचे मिळून हजार लिहा,” गुरुजी म्हणाले. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना सेवा वर्तणूक नियमांनी राजकीय कामासाठी पैसे देता येत नाहीत. त्यांना वाईट वाटले, पण पावती एकट्या बाईंच्या नावाची झाली, पाचशेचीच.

शिक्षणसेवकांकडे मागायचे नाही, असा आमचा नियम होता. तेव्हा माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ८,००० रुपये मानधन मिळे; त्यातून खोलीचे भाडे देऊन गावी पैसे पाठवणाऱ्या मुलाकडे हात पसरणे मला अन्यायाचे वाटते. स्वतःहून कोणी आला तर मात्र परत पाठवायचे नाही. एकाने पन्नास रुपये दिले. त्याचीही पावती तशीच, तेवढ्याच आकाराची, नाव पूर्ण आणि अक्षरी रक्कम लिहून. विनाअनुदानित शाळांतले शिक्षक, आणि १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नेमणूक होऊनही शाळेला पूर्ण अनुदान नंतर मिळाले म्हणून जुन्या पेन्शनबाहेर राहिलेले, ही मंडळी देताना सर्वांत कमी बोलत. ज्यांचे मत आता उरलेले नाही असे एक निवृत्त सर आले. १९७७-७८ च्या ५४ दिवसांच्या संपात होते ते. “त्या वेळी घरात पगार येत नव्हता तरी संघटनेचं येणं थांबवलं नाही,” एवढेच म्हणाले आणि हजार रुपये मोजले.

जमलेली रोकड दुसऱ्या कामाच्या दिवशी बँकेत, हा शिस्तीचा भाग; त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. खर्चात अनामत १०,००० रुपये, बाकी डिझेल, पत्रके, मतदान केंद्राजवळचे टेबल. मला सर्वांत मोलाचा वाटलेला खर्च नमुना मतपत्रिकेचा. इथे पसंतीक्रमाने मत द्यायचे, आयोगाने दिलेल्याच जांभळ्या पेनाने, आणि अंकातच. ‘एक’ असे अक्षरी लिहिले किंवा बरोबरची खूण केली की मत बाद. शिक्षकांची मतेही अशी बाद होतात. ते साधे कार्ड प्रत्येक मतदाराच्या हातात पडले पाहिजे, यावर मी हटून बसलो.

आमचा उमेदवार निवडून आला नाही. तरी हिशेबाच्या बैठकीला माणसे आली, आणि प्रश्न कसून विचारले. थोडी शिल्लक होती. आजारी सहकाऱ्याच्या मदतीसाठी ती सर्वसाधारण निधीत वळवावी, अशी सूचना चांगल्या मनाने आली. मी विरोध केला. मदतीसाठी त्याच बैठकीत वेगळी वर्गणी काढली, ती लगेच जमली. राजकीय निधी मात्र ज्या कामासाठी घेतला त्याच कामाला लागला पाहिजे, आणि मतदार नोंदणी हे कायद्याने त्यात बसणारे काम आहे. शिक्षक मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून पुढच्या वेळी ते असेलच असे नाही, प्रत्येकाने नमुना १९ पुन्हा भरायचा. शिल्लक त्या अर्जांच्या छपाईसाठी राखून ठेवण्याचा ठराव झाला, आणि कुठल्या शाळेत कोण नवीन रुजू झाले आहे त्याची वही तिथेच उघडली.