पुढाकार : एका शब्दाचा विचार

वर्ष सुरू झाले आणि सरांनी वर्गात विचारले, "यंदा भित्तिपत्रकासाठी पुढाकार कोण घेणार?" माझे अक्षर बरे आहे, लिहिण्याची हौसही आहे, तरी मी मान खाली घातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. निघताना आईने बजावले होते, "तिथं उगीच पुढंपुढं करू नकोस." माझ्या मनात पुढाकार घेणे आणि पुढेपुढे करणे एकच होते.

दोन्हींत 'पुढे' आहे खरे. पण पुढेपुढे करणारा कुणाच्या तरी नजरेत भरण्यासाठी धडपडतो. पुढाकार घेणारा काम अडले आहे म्हणून पुढे होतो. 'पुढारी' हा शब्द आणखी वेगळा. पुढारीपण हे पद आहे, पुढाकार ही कृती आहे. तिला निवडणूक लागत नाही.

इंग्रजीतला 'इनिशिएटिव्ह' आरंभ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. मराठी शब्द मात्र जागा दाखवतो : सर्वांच्या पुढची. आणि पहिला धक्का पुढच्यालाच बसतो.

महाडचेच पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. हक्क कागदावर आला, पण ओंजळीत पाणी आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्याच दिवशी परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला. ठराव आणि पुढाकार यांतले अंतर मला इथे कळले.

व्याकरणही हेच सांगते. पुढाकार 'घ्यावा' लागतो. तो कुणी देत नाही. आपण मात्र "शासनाने पुढाकार घ्यावा", "तरुणांनी पुढाकार घ्यावा" असे म्हणतो. कर्ता नेहमी दुसराच! "मी पुढाकार घेतो" हे वाक्य क्वचितच कानी पडते.

दोन दिवसांनी मी सरांकडे जाऊन नाव दिले. पहिल्या अंकाची खळ नीट लागली नाही, दोन पाने गळून पडली. सुटीत आईला भीतभीतच सारे सांगितले. ती म्हणाली, "काम अडलं होतं ना? मग बरं केलंस."