जुने गाणे, नवी साथ

लोकगीताला नवी साथ दिली की ते बिघडते, असे पुष्कळांना वाटते. १९६९ साली इंग्लंडात निघालेली ‘बास्केट ऑफ लाइट’ ही तबकडी ऐकली, म्हणजे ही शंका फिटते.

‘पेंटँगल’ हा पाच जणांचा मेळ. त्याच साली ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ने लोकगीतांना विजेची गिटार जोडली, यांनी मात्र या तबकडीत विजेचे एकही वाद्य घेतले नाही. साध्या गिटारी, खर्जातला उंच डबल बास, ड्रम, जुन्या गीताला चक्क सतार आणि जॅकी मॅक्शी यांचा निर्मळ गळा! ‘लाइट फ्लाइट’ या त्यांच्या स्वतःच्या रचनेत लय पाचांवरून सातांवर जाते. झपताल-रूपक ऐकलेल्या कानांना हे हिशेब परके नाहीत.

पण ‘लाइक-वेक डर्ज’ हे प्रेताजवळच्या जागरणाचे जुने गाणे आले, की वाद्ये मागे सरतात, कंठ पुढे येतात. खरी गोडी इथेच आहे, बरं का! हात तयार असूनही तो कुठे आवरायचा, हे त्यांना कळते.

शिक्षक मित्रांनो, गावच्या ओव्या मुलांकडून बसवून घेताना पेटी जरा हळू वाजवा. आजीचे शब्द बुडाले, तर मग मुलांच्या हाती राहील काय?