खाली उरलेली पट्टी

अल्बमचं कव्हर चौकोनी आणि मासिकाचं पान उभं. जाहिरात करणाऱ्याचा सगळा पेच इथेच आहे. दिवाळी अंकाच्या ७ बाय ९.५ इंचांच्या पानावर सीडीचं कव्हर काठोकाठ बसवलं, की खाली अडीच इंचांची पट्टी उरते. अल्बमचं नाव, कलाकारांची नावं, कंपनीचं बोधचिन्ह, ‘कॅसेट व सीडी सर्वत्र उपलब्ध’ ही ओळ, सगळं तिथेच मावायला हवं असे.

१९९०च्या दशकात मी अशी पानं लावत असे. कव्हर कापायचं नाही आणि त्यावर मजकूर चढवायचा नाही, हे मला तेव्हा पटलं होतं, आजही पटतं. जाहिरात पाहून लगेच कुणी दुकान गाठत नसे. दिवाळी सरे, मग कधीतरी माणूस काउंटरपाशी उभा राही; तोवर नाव अर्धंमुर्धं विसरलेलं असे, चित्र मात्र लक्षात असे. कॅसेटींच्या कपाटात तर नुसत्या कडा दिसायच्या. म्हणून अल्बमचं नाव जाहिरातीसाठी वेगळ्या टायपात पुन्हा जुळवायचं नाही. कडेवर जे अक्षर, तेच पानावर.

पट्टीचा रंग ठरवण्यात निम्मा वेळ जाई. कव्हरच्या खालच्या कडेचा रंग भिंगाखाली धरायचा, शेडकार्डाशी ताडून पाहायचा आणि तोच खाली ओढायचा, म्हणजे पट्टी ठिगळासारखी दिसत नाही. रंग गडद असला की अक्षरं पांढरी ठेवावी लागतात आणि देवनागरीची खरी कसोटी तिथे लागते. पांढरं अक्षर म्हणजे शाईच्या मधोमध राखलेला कोरा कागद. साधा कागद शाई पितो, चार रंगांतला एखादा केसभर सरकतो, की बारीक टायपातल्या शिरोरेषा तुटतात, अनुस्वार बुजतात आणि ‘संगीत’चं ‘सगीत’ होतं. म्हणून बारीक मजकूर मी जाड टायपात घेई आणि जमेल तिथे पट्टीचा रंग दोनच शायांत बसवी.

पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर नुसता प्रिझम आहे, दर्शनी बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. अशा वेळी दोन्ही नावं सांगण्याची जबाबदारी जाहिरातीवर येते. आपल्या भावगीतांना नावं तीन लागतात: गीत, संगीत, स्वर. कंपनीला गायकाचं नाव आणि चेहरा मोठा हवा असे आणि ते रास्तही होतं, विक्री त्यावरच होई. पण जागा कमी पडली की पहिली कात्री लागे ती कवीच्या नावाला. मला ते कधीच मान्य झालं नाही. बोधचिन्ह लहान करावं, उपलब्धतेची ओळ आवळून घ्यावी. गीतकार आणि संगीतकार मात्र एकाच मापात, एकाच ओळीत हवेत आणि अंक हातात धरल्यावर चष्मा न शोधता वाचता यायला हवेत.