एंजिन तापणे, मोटारगाडीचे

मोटारगाडीच्या एंजिनात इंधनाच्या उष्णतेचा बराच भाग उपयुक्त कार्यात न येता निष्कास वायू व शीतन यंत्रणा यांवाटे बाहेर टाकावा लागतो. पूर्णा खोऱ्यातील मलकापूरहून बुलढाण्यास जाताना राजूर घाट लागतो. उन्हाळ्यात हा चढ खालच्या गिअरमध्ये चढताना एंजिनावर भार पुष्कळ पडतो. मात्र वेग मंद असल्याने रेडिएटरला वारा कमी मिळतो. सपाटीवर लपून राहिलेला दोष येथे उघड होतो.

काटा लाल खुणेकडे सरकताच गाडी थांबवावी. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. दाबामुळे आतील पाणी १००° से.च्या वर तापूनही द्रवरूप राहते आणि झाकण काढताच वाफेसह उसळून माणूस गंभीर भाजतो. एंजिन निवाल्यावर पाण्याची पातळी, गळती व पंखा पाहावा. एंजिन तापूनही रेडिएटरची वरची नळी गारच राहत असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकल्याचा संभव असतो.

प्रीमिअर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत पंपातील पेट्रोलची वाफ होऊनही एंजिन बंद पडे. पंपावर ओले फडके ठेवले की ते पुन्हा चालू होई. हा दोष निराळा होय.

पाणी भरून तसेच पुढे जाण्याची सवय वाईट. बाहेर गळती नसता पाणी वारंवार घटत असेल व वंगण तेल दुधाळ दिसत असेल, तर सिलिंडर-शीर्षाखालील गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. अशी गाडी चालविल्यास शीर्ष वाकते. ती ओढूनच कर्मशाळेत न्यावी.