वेगवेगळ्या ब्रँडची ऑफिस एक्स्चेंज जोडताना

कार्यालयातील ईपीएबीएक्स म्हणजे खासगी टेलिफोन एक्स्चेंज. बाहेरून आलेल्या मोजक्या ट्रंक लाइन ते शेकडो टेबलांवरच्या फोनना आलटून पालटून वापरायला देते, आणि आतल्या आत तीन-चार आकडी एक्स्टेंशन लावून कोणालाही कोणाशी बोलता येते. एका इमारतीत हे काम एक यंत्र निभावते. कंपनीचे मुख्यालय मुंबईत, कारखाना चाकणला आणि गोदाम नागपूरला असेल, तर यंत्रे तीन होतात, आणि ती एकाच ब्रँडची असतीलच असे नाही. प्रत्येक शाखा वेगळ्या वर्षी उघडलेली असते. त्या वेळी ज्याचा दर आणि देखभाल परवडली, त्याचे यंत्र बसते. एखादी शाखा तर दुसरी कंपनी विकत घेताना तिच्या एक्स्चेंजसकट पदरात पडलेली असते.

यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे मालकही बदलत राहतात. कॅनडाच्या नॉर्टेलने जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा कार्यालयीन टेलिफोनचा व्यवसाय अमेरिकेच्या अवायाने सुमारे ९० कोटी डॉलरना घेतला. कालपर्यंत स्पर्धक असलेल्या दोन यंत्रकुळांचा सांभाळ एकाच कंपनीकडे आला. सीमेन्सचा हाच विभाग पुढे ‘युनिफाय’ झाला, मग ॲटॉसकडे गेला आणि २०२३ मध्ये मायटेलकडे. भिंतीवरचे एक्स्चेंज मात्र दहा-पंधरा वर्षे सहज चालते आणि चालू यंत्र केवळ ब्रँड वेगळा म्हणून कोणी फेकून देत नाही. त्यामुळे ही यंत्रे एकमेकांना जोडण्याची गरज कायम राहते.

यातला आवाजाचा भाग सोपा आहे. डिजिटल एक्स्चेंज बोलण्याचे सेकंदाला ८००० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिते. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. ई-वन नावाच्या जोडणीत असे ३२ कप्पे असतात. त्यांतला शून्य क्रमांकाचा कप्पा दोन्ही टोकांचा ताळमेळ राखतो, १६ क्रमांकाचा कप्पा संकेतांसाठी असतो आणि उरलेल्या ३० कप्प्यांतून आवाज जातो. हे आकडे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवून दिलेले आहेत, त्यामुळे यंत्र कोणाचेही असो, आवाज बिनबोभाट पलीकडे पोहोचतो. भारत व युरोपात नमुने ए-लॉ पद्धतीने आणि अमेरिका व जपानमध्ये म्यू-लॉ पद्धतीने लिहितात. पण एकातून दुसऱ्यात रूपांतर करण्याचा तक्ता ठरलेला आहे.

खरी अडचण संकेतांची आहे. कोण फोन करतो आहे, कोणाला करतो आहे, समोरचा फोन व्यस्त असेल तर काय करायचे, कॉल दुसऱ्याकडे वळवलेला असेल तर ते कळवायचे की नाही, हे सारे आवाजाच्या बाहेर, यंत्रांनी एकमेकांना सांगायचे असते. पूर्वी दोन एक्स्चेंज जोडणाऱ्या ई अँड एम प्रकारच्या टाय लाइनला एवढे सगळे सांगताच येत नसे. लाइन घेतली, लाइन सोडली आणि मधे लावलेले आकडे, इतकाच तिचा निरोप. पलीकडच्या फोनवर त्यामुळे बोलणाऱ्याचे नाव उमटत नसे; फार तर कोणत्या लाइनवर कॉल आला ते दिसे.

म्हणून मोठ्या उत्पादकांनी आपापली संकेतपद्धती तयार केली. सीमेन्सची कॉरनेट, नॉर्टेलची एमसीडीएन, एटी अँड टीची डीसीएस, अल्काटेलची एबीसी. एकाच ब्रँडची यंत्रे घेतली की तीन गावांतली तीन एक्स्चेंज वापरणाऱ्याला एकच वाटत. ब्रँड बदलला की पुन्हा रिंग आणि आवाज एवढ्यावरच भागवावे लागे. या खासगी पद्धती तांत्रिकदृष्ट्या उत्तम होत्या, पण गिऱ्हाईक कायमचे बांधून ठेवण्याचे काम त्यांनी तितक्याच उत्तम रीतीने केले, हेही खरे आहे.

ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉम आणि उत्पादकांनी १९८०च्या दशकात डीपीएनएसएस ही सामाईक पद्धती काढली. पुढे युरोपातील एक्मा या मानक संस्थेने क्यूसिग घडवली आणि नंतर ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिचा पाया आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन सेवेच्या क्यू.९३१ या संकेतपद्धतीवर आहे.

क्यूसिगवरचा एक कॉल जवळून पाहू. चाकणच्या २१४५ वरून नागपूरच्या ७३१२ ला फोन लावला की चाकणचे यंत्र सोळाव्या कप्प्यातून ‘सेटअप’ हा संदेश पाठवते. त्यात कॉल बोलण्याचा आहे, तो कोणत्या कप्प्यातून जाईल, फोन करणाऱ्याचा आणि लावलेला क्रमांक कोणता, एवढी माहिती असते. ती प्रत्येक ब्रँडला समजते. तिच्याखाली ‘फॅसिलिटी’ नावाचा भाग येतो: बोलणाऱ्याचे नाव, वळवलेल्या कॉलचा तपशील, व्हॉइसमेलचा दिवा लावण्याची सूचना वगैरे. नागपूरच्या यंत्राला यातले काही समजले नाही तर त्याने काय करावे, हेही त्याच संदेशात लिहिता येते: न समजलेली सूचना सोडून द्यावी, ती नाकारल्याचे कळवावे, किंवा कॉलच तोडावा. मानक रचणाऱ्यांनी दोन ब्रँड एकमेकांना पूर्णपणे समजणार नाहीत हे आधीच गृहीत धरले होते आणि अशा वेळी निदान बोलणे तरी तुटू नये याची सोय करून ठेवली. या क्षेत्रातील हा फार मोलाचा विचार आहे.

क्यूसिगच्या सोयींपैकी एकीचा अभाव थेट खर्चात दिसतो. नागपूरच्या माणसाने मुंबईच्या ऑपरेटरला फोन केला आणि ऑपरेटरने तो नागपूरच्याच दुसऱ्या टेबलाकडे ट्रान्सफर केला, तर एक कप्पा मुंबईला जाण्यात आणि दुसरा परतण्यात अडकतो. दोघे एकाच इमारतीत बसून मुंबईमार्गे बोलत असतात. असे १५ कॉल झाले की ३०च्या ३० कप्पे भरतात आणि सोळाव्याला एंगेज टोन ऐकू येतो. क्यूसिगमधील मार्गबदलाची सोय दोन्ही यंत्रांत असेल तर ती नवा, जवळचा मार्ग जोडून आधीचे दोन्ही कप्पे मोकळे करतात. ती एका यंत्रात नसेल, किंवा असूनही तिचे लायसन घेतलेले नसेल, तर पूर्ण कंपनीला त्याचा फटका बसतो. खरेदीच्या वेळी ‘क्यूसिग आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. क्यूसिगमधल्या कोणकोणत्या सोयी आहेत, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता नव्या जोडण्या बहुतेक इंटरनेटच्या तंत्राने, सिप पद्धतीने होतात. जून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला आरएफसी ३२६१ हा दस्तऐवज तिचा आधार आहे. तिचे संदेश साध्या मजकुरात असतात, त्यामुळे दोष शोधणे पुष्कळ सोपे झाले. पण सिपमध्ये एकच गोष्ट सांगायच्या अनेक रीती आहेत आणि प्रत्येक ब्रँडने आपल्या पसंतीची उचलली. फोनच्या बटणांचेच पाहा. ‘५’ दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजतात. जी.७२९ ही कमी बँडविड्थची पद्धती मानवी आवाजाच्या घडणीवर बेतलेली आहे. हे शुद्ध सूर तिच्यातून जाताना बिघडतात. म्हणून बटण दाबल्याची माहिती स्वतंत्र पॅकेटमधून पाठवण्याची पद्धत ठरली. एक यंत्र सूर पाठवते आणि दुसरे पॅकेटची वाट पाहते, अशी जोडी जमली की कॉल लागतो, आवाज स्वच्छ येतो, पण ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणारी ध्वनिमुद्रित बाई ढिम्म हलत नाही.

बँडविड्थचे गणितही कागदावरच्यापेक्षा वेगळे निघते. जी.७११ म्हणजे वर पाहिलेल्या नमुन्यांच्या पद्धतीत आवाज ६४ किलोबिटचा, पण सेकंदाला ५० पॅकेट आणि प्रत्येकाला ४० बाइटचा पत्ता-मजकूर धरला की तो ८० किलोबिट होतो. जी.७२९ चे ८ किलोबिट तिप्पट होऊन २४ वर जातात. आवाज पोहोचायला एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर बहुतेक संभाषणे सुरळीत चालतात. त्यापुढे माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात.

या तफावती मिटवायला मध्ये गेटवे किंवा सेशन बॉर्डर कंट्रोलर बसवतात. तो दुभाष्यासारखा एका बाजूचे संदेश दुसऱ्या बाजूला पटतील असे करून देतो. १९९९ मध्ये सुरू झालेले ॲस्टरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअरही अनेक ठिकाणी हेच काम करते, आणि एका बाजूला ई-वन कार्ड व दुसऱ्या बाजूला सिप असे जुने-नवे सांधते. मोठ्या जाळ्यांत सर्व एक्स्चेंज एका मध्यवर्ती सिप यंत्राला जोडली की जोडण्यांची संख्या आटोक्यात राहते. सहा शाखा एकमेकांना थेट जोडल्या तर १५ जोडण्या होतात, मध्यवर्ती यंत्राला जोडल्या तर सहा.

तंत्राइतकीच क्रमांकांची आखणी आवश्यक असते. तिन्ही गावांत २०१ एक्स्टेंशन असेल, तर एक्स्चेंजने कोणते समजायचे? प्रत्येक शाखेला आधी एक-दोन आकडी खूण देणे, किंवा सगळ्यांचे क्रमांक नव्याने लावणे, हे दोनच मार्ग. दुसरा मार्ग नीटनेटका असतो, पण छापलेली व्हिजिटिंग कार्डे आणि लोकांच्या पाठ झालेल्या क्रमांकांमुळे त्याला विरोधही तेवढाच होतो.

भारतात यात कायद्याचाही प्रश्न येतो. कंपनीच्या खासगी जाळ्यावरून नागपूरहून मुंबईला आणलेला कॉल तिथल्या सार्वजनिक लाइनवर सोडून एसटीडीचा दर चुकवणे म्हणजे टोल बायपास, आणि त्याला बंदी होती. म्हणून परदेशी उत्पादकांना एकाच यंत्रात आतले आणि बाहेरचे कॉल एकमेकांपासून तोडणारी ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ची सोय घालावी लागली. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये कॉल सेंटरसारख्या सेवांवरची बंधने बरीच सैल केली. तरीही जाळे आखताना सेवापुरवठादाराकडून चालू नियम लेखी घेणे शहाणपणाचे ठरते.

बाहेरच्या लाइन एका शहरात एकवटल्या की आणीबाणीचा कॉल भरकटू शकतो. गोदामात आग लागली आणि तिथून लावलेला ११२ मुंबईच्या ट्रंकमधून बाहेर पडला, तर पलीकडच्याला कॉल मुंबईचा वाटतो. बाहेरच्या लाइनसाठी आधी एखादा आकडा लावण्याची सवयही घातक ठरते. २०१३ मध्ये टेक्ससमधल्या एका हॉटेलात नऊ वर्षांच्या मुलीने आईवर हल्ला होत असताना ९११ पुन्हा पुन्हा लावला, पण आधी आणखी एक ९ लावायचा असतो हे तिला ठाऊक नसल्याने कॉल बाहेर गेलाच नाही. आईचा जीव गेला. त्यानंतर अमेरिकेत २०१८ मध्ये कायदा झाला, आणि नव्या कार्यालयीन एक्स्चेंजवरून ९११ थेट लागलाच पाहिजे हे बंधनकारक झाले. म्हणून शाखा कितीही पक्क्या जोडल्या, तरी प्रत्येक शाखेत किमान एक स्थानिक लाइन ठेवावी, ११२ आधीच्या आकड्यासह आणि त्याशिवायही त्याच लाइनवरून बाहेर जाईल असे प्रोग्रॅमिंग करावे, आणि मधली जोडणी मुद्दाम बंद करून ते चालते का, हे जोडणी स्वीकारण्यापूर्वी तपासावे.