उपटलेली वेडेलिया परत कशी येते?

सोसायटीच्या बागेत पिवळ्या फुलांची, जमिनीलगत पसरलेली हिरवी दाटी दिसते ना, ती बहुधा वेडेलिया. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. माळी उपटतात, पावसाळ्यात ती पुन्हा हजर! कारण दडलंय खोडाच्या पेरात. पेर ओल्या मातीला टेकलं की मुळं फुटतात, तिथलाच डोळा कोंब धरतो आणि नवं रोप स्वतंत्र होतं. उसाचं बेणं लावावं तसंच. फक्त इथे लागवड आपोआप होते. बियांवाचून तिचं अडत नाही. खुरप्याने तुकडे करणं म्हणजे रोपवाटिकाच काढणं! जगातल्या १०० उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत ती उगाच नाही. हौस असेल तर कुंडीत लावा, पण छाटलेले तुकडे ओढ्याकाठी टाकू नका.